एकतिसावं नाव

१

उजनीच्या पाण्यातून करिमाला बाहेर काढलं, तेव्हा तिचा मोबाइल काठावरच्या दगडाखाली सापडला. भिजू नये म्हणून तिनं तो पिशवीत गुंडाळून ठेवला होता. त्यात बापासाठी एकच निरोप बोलून ठेवलेला होता. "अब्बा, मला कायबी झालेलं न्हाय. माझं रक्त तपासायला सांगा."

पोलिसांनी मोबाइल जप्त केला. रक्त कुणी तपासलं नाही.

आठ दिवसांनी तिचा बाप, इंदापूरच्या बाजारपेठेतले बांगडीवाले इस्माईल, बारामतीच्या कोर्टासमोरच्या सारजा देवकाते यांच्या ऑफिसात येऊन बसले. सारजाबाई पंचवीस वर्षं वकिली करत होत्या. त्यातली निम्मी दवाखान्यांच्या विरोधात गेली होती.

इस्माईलनी एक छापलेला कागद टेबलावर ठेवला. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेला फोटो होता तो. वर बारामतीच्या ममदापूरकर हॉस्पिटलचं नाव, खाली 'एचआयव्ही, जून', आणि मग नावांची रांग. प्रत्येकाचं वय, प्रत्येकाचं गाव.

"जूनमधी तिच्या पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन झालं," इस्माईल म्हणाले. "त्याच्या आधी सगळ्यांचीच तपासणी करत्यात. हे जानेवारीत फिरलं. दोन दिसांत सोयरीक मोडली. नवऱ्या मुलाच्या आईनं दिलेली साडी परत मागितली, आन् ती चिमट्यानं धरून नेली. पोरीच्या देखत."

सारजाबाईंनी पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला.

"कायद्यात काय काय करता येतंय ते सांगा. मी लिहून घेतो." त्यांनी खिशातून खरंच वही काढली.

"पुण्याला ग्राहक आयोग आहे. नोंदी सांभाळल्या नाहीत, ही सेवेतली त्रुटी. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. निकाल कधी, ते विचारू नका. डेटाचा नवा कायदा झालाय, त्यात हॉस्पिटलला जबर दंड होऊ शकतो. पण तो अजून पुरता लागू नाही, आणि दंड जातो सरकारजमा. तुम्हाला त्यातलं काही नाही. एचआयव्हीचा वेगळा कायदा आहे. एखाद्यानं टेस्ट केली, एवढंसुद्धा त्याला न विचारता जगाला सांगायचं नसतं. आणि माहिती फोडणाऱ्यावर फौजदारी. पण त्यासाठी आधी तो सापडायला हवा."

"सापडू द्या. बाकीचं मला नकोच."

सारजाबाईंनी कागद उजेडाकडे धरला. उजवीकडची कड तिरकी कापलेली होती. नाव होतं, वय होतं, गाव होतं, पण निकालाचा रकानाच नव्हता. तळाला बारीक अक्षरात 'टोटल ३१' असं होतं.

त्यांनी पेन्सिलीनं नावं मोजली. मग परत मोजली.

"इस्माईलभाई, ही तीस आहेत."

२

डॉ. हिंदुराव ममदापूरकर यांनी दोघांना अर्धा तास बाहेर बसवून मग आत घेतलं.

"या प्रकरणात आम्हीच बळी आहोत," ते म्हणाले. "लॅबमधला फिरोज नावाचा ऑपरेटर. त्यानं यादी बाहेर काढली. त्याला काढून टाकलाय, पोलिसांत तक्रार दिलीय. आणखी काय करायचं आम्ही?"

"करिमाचा जूनचा रिपोर्ट द्या," सारजाबाई म्हणाल्या.

"पेशंटच्या परवानगीशिवाय देता येत नाही. कायदा आहे."

"पेशंट मेलीय, डॉक्टर."

"तेच ना. मग परवानगी कुठून आणणार?"

इस्माईल हात जोडून उभे राहिले. "साहेब, व्हय का न्हाय, एवढंच सांगा. कागद नको."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. "कोर्टाचा हुकूम आणा. मग बघू."

सारजाबाईंनी यादी समोर सरकवली. "खाली एकतीस लिहिलंय. नावं तीस आहेत. एकतिसावं कोणाचं?"

डॉक्टरांनी यादी उचलली, वाचली, आणि वाचून झाल्यावरही बराच वेळ हातात धरून ठेवली.

"टायपिंगची चूक असेल," ते म्हणाले. "तुमची वेळ संपली."

बाहेर आल्यावर इस्माईल पायरीवर बसले. "बाई, त्यांनी मोजली न्हाईत."

"हो," सारजाबाई म्हणाल्या. "मोजायची गरजच पडली नाही. कोण गाळलंय, ते वाचतानाच कळलं त्यांना."

३

फिरोज भिगवणला बहिणीच्या झेरॉक्सच्या दुकानात काम करत होता. सत्तावीस वर्षांचा होता, पण महिन्याभरात चेहरा चाळिशीचा झाला होता. त्याच्या दारावर कुणीतरी शेण फासलं होतं. धुतलं तरी त्याचा डाग राहिला होता.

इस्माईलना पाहून तो उठून उभा राहिला. "चाचा, मी न्हाय केलं."

"मी तुला इचारलंय का?" इस्माईल म्हणाले. "बस."

सारजाबाईंनी विचारलं, "मग यादी बाहेर गेली कशी?"

"जायाला ती आत कधी हुती? रिपोर्ट मेसेजवर पाठवायचा असं सायबांनी ठरवलं. महिन्याचं एकच शीट, त्याची एकच लिंक. ज्याला पाठवली त्याला अख्खा महिना दिसायचा, निकालासकट. मी चारदा सांगितलं, हे बरुबर न्हाय. सायब म्हणाले, लोकांना आपापलं नाव शोधता येतंय ना? मग झालं."

"म्हणजे त्या एकतीसपैकी कुणीही?"

"कुणीबी. ऑपरेशनचे पेशंट, रक्त देणारे, सगळे एकाच शीटात. शीटाला कुलूप न्हवतं. ज्याला पायजे त्यानं उतरवून घेतलं, खोडलं, कापलं."

"गाळलेलं नाव कोणाचं आहे?"

फिरोज झेरॉक्स मशीनच्या झाकणावर बोट फिरवू लागला.

"ते मी सांगणार न्हाय, मॅडम. माझ्या नावानं एकदा फुटलंय. आता तोंडातनं खरंच फुटलं, तर मी तसाच ठरलो ना?"

इस्माईल झटकन पुढे झाले. "माझी पोरगी गेली, फिरोज."

"चाचा, करिमाआपाचं मी सांगतो. मला तुरुंगात घाला. तिला कायबी न्हवतं. शीटात एकतीसमधी तीस जणांना कायबी न्हवतं."

इस्माईल दुकानाबाहेर गेले, रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि उलटी करू लागले.

तीस निरोगी माणसं यादीत होती. गाळलेला तोच एकटा आजारी असणार; लपवायचं होतं ते त्यालाच.

"शेवटचं एक विचारते. हा फोटो सगळ्यात आधी कुठल्या ग्रुपवर आला?"

"पळसदेवच्या. बारा जानेवारीला सकाळी. नंबर सोलापूरच्या कुणा मेलेल्या माणसाच्या नावावरचा निघाला."

सारजाबाईंनी यादी पाहिली. वीस गावांची माणसं होती तिच्यात. पळसदेवचं नाव एकच होतं. सोनम रविराज, वय पंचवीस.

४

सोनम पळसदेवला नव्हती. ती माहेरी, अंथुर्ण्याला होती. गोठ्याशेजारच्या खोलीत तिची वेगळी चूल मांडून दिलेली होती. भाऊ शंभूराज दाराशी उभा होता, आत येत नव्हता.

"फोटो आला त्याच दिशी आत्यानं बाहीर काढलं," सोनम म्हणाली. आत्या म्हणजे सासू, कुशाबाई. "माझी कापडं अंगणात टाकून राकेल वतलं. सगळी आळी बघायला जमली हुती. मी तिसऱ्या महिन्यात हाय, ते त्यांस्नी ठाऊक हुतं. म्हणल्या, ते प्वार बी किडकंच निघंल."

"आणि नवरा?"

"ते गप बसलं. पर त्यांचा सोभाव वाईट न्हाय, बाई." ती पदराशी चाळा करत म्हणाली. "जूनमधी माझा गरभ नळीत ऱ्हायला. नळी फुटली. लई रगत गेलं. तवा त्यांनीच पयल्यांदा हात पुढं केला. एक बाटली त्यांनी दिली, एक शंभूदादानं दिली. डाक्टरनं दोनच सांगितल्या हुत्या. आत्या आजून सगळ्यास्नी सांगत्यात, माझ्या लेकाच्या रगतावर जगली म्हणून."

शंभूराज दारातूनच म्हणाला, "दोनच सांगितल्या, पर दुसऱ्या दिशी म्हणाले आजून एक माणूस आणा. मग आमच्या चुलतभावाला, दत्तोबाला न्हेलं."

सारजाबाईंनी मान वर केली. "का आणा म्हणाले?"

"ते काय सांगितलं न्हाय. दाजी म्हणाले, इचारत बसू नगा, घिऊन या."

यादीत अंथुर्ण्याची दोन नावं होती. शंभूराज, वय एकोणतीस. दत्तोबा, वय बत्तीस.

"सोनम, बारा जानेवारीच्या आसपास काही ठरलेलं होतं का? लग्नकार्य, प्रवास, काही?"

तिनं आठवून पाहिलं. "न्हाय. गुरुवारी, पंधराला, आरोग्य केंद्रात पोटुशी बायकांची तपासणी हुती. आशाताई नाव लिहून गेली हुती. रगत घेणार हुते. मला जाताच आलं न्हाय."

"घरात कुणाला ठाऊक होतं हे?"

"ह्यांनाच. ह्यांनीच मला लिहून दिलं हुतं, इसरू नगं म्हणून."

सारजाबाईंनी सोनमला हाताला धरून उठवलं आणि गाडीत बसवलं. बारामतीच्या सरकारी दवाखान्यात तिचं रक्त तपासून घेतलं.

समुपदेशक बाईंनी सोनमला आत बोलावलं. दार लागलं. बाहेर शंभूराज आणि सारजाबाई बसून होते. मग सोनम बाहेर आली आणि भावाला म्हणाली, "दादा, तू पुढं जा. मी मागनं येते."

त्यावरून सारजाबाईंना कळलं.

५

दुसऱ्या दिवशी सारजाबाई एकट्याच डॉक्टरांकडे गेल्या.

"मी नाव विचारणार नाही," त्या म्हणाल्या. "गोष्ट सांगते. जूनमध्ये एका बाईला रक्त लागतं. दोन माणसं रक्त देतात. एक पिशवी तुम्ही फेकून देता आणि तिसरा माणूस मागवता. दुसरा आणि तिसरा शीटात आहेत. पहिल्याचं नाव कुठंच नाही. तुम्ही पहिल्याला केबिनमध्ये बोलावून सांगितलं असणार. ती बाई तेव्हा निरोगी होती. सात महिन्यांनी ती निरोगी नाही. मधल्या काळात तुम्ही तिला काहीच सांगितलं नाही."

डॉक्टर चष्मा पुसत होते.

"कायदा नीट वाचा, वकीलबाई. जोडीदाराला डॉक्टर 'सांगू शकतो', असं आहे. 'सांगितलंच पाहिजे' असं नाही. मी त्या माणसाला दोनदा समजावलं. तो म्हणाला, मी सांगतो. माझी जबाबदारी संपली."

एवढं बोलून ते थांबले. आपण काय कबूल केलं, ते त्यांच्या ध्यानात आलं होतं.

"जोडीदार हा शब्द मी काढला नव्हता," सारजाबाई म्हणाल्या आणि उठल्या.

६

रविराज पळसदेवला उजनीच्या काठावर टेम्पोत माशांचे क्रेट भरत होता. सारजाबाईंनी त्याला बाजूला घेतलं. आजूबाजूला चारजण काम करत होते, म्हणून त्या हळू बोलल्या.

"पंधरा तारखेला तुमच्या बायकोचं रक्त तपासलं जाणार होतं. काय निघेल याची तुम्हाला धास्ती होती. निघालं की पहिला प्रश्न यायचा, हे आणलं कुणी? म्हणून तीन दिवस आधीच उत्तर गावात सोडलं. जूनच्या शीटात ती निरोगी होती, म्हणून निकालाचा रकाना कापला. तुम्ही स्वतः आजारी होतात, म्हणून तुमची ओळ काढली. खालचा आकडा तेवढा खोडायचा राहिला."

रविराजनं क्रेट खाली ठेवला. चेहऱ्यावर फारसा फरक पडला नाही.

"तिचं एकटीचं नाव टाकलं असतं तर लोक तुमच्याकडं वळले असते," सारजाबाई म्हणाल्या. "तीस नावं टाकली म्हणजे बोट हॉस्पिटलकडं जातं. बाकीचे एकोणतीस नुसते आडोशाला. त्यातली एक याच पाण्यात मेली."

"ती इंदापूरची व्हय? मला म्हाईत न्हाय कोण ती."

"तुमच्या बायकोला आता झालंय. पोटात मूल आहे."

"ते हुणारच हुतं," तो म्हणाला. मग टेम्पोला टेकला. "बाई, तुमी काय म्हणता ते मला कळलं. मग सांगा की गावाला. ह्या चौघांस्नी आत्ताच सांगा."

सारजाबाईंनी त्या चौघांकडे पाहिलं.

"सांगता येत न्हाय ना? दवाखान्यातल्या बाईनं मला जूनमधीच सांगितलंय. माझा आजार कुणी बोलायचा न्हाय, कायदा हाय. तिचं नाव कुणी फोडलं ते तुमाला कोर्टात ठरवायचंय. ठरवा."

त्यानं क्रेट उचलला. पाण्यातून नुकतेच काढलेले मासे अजून तडफडत होते. त्यावर तो बर्फ ओतू लागला.

७

कोर्टानं सुनावणी बंद दाराआड घेतली. अर्जावर सोनमचं नाव नव्हतं, नुसतं 'अर्जदार' होतं. कायदा तशी सोय देतो. हॉस्पिटलनं जूनचं मूळ शीट सीलबंद पाकिटात आणून दिलं. त्यात एकतिसावी ओळ होती, आणि रविराजच्या टेम्पोच्या कप्प्यात सोलापूरच्या मयताच्या नावाचं सिम सापडलं. फौजदारी खटला उभा राहिला. रविराजला जामीन मिळाला, आणि त्याचा आजार कुणी बाहेर बोलायचा नाही, असा हुकूमही त्यानं मागून घेतला. सोनमला सासरच्या घरात राहण्याचा हक्क कोर्टानं मान्य केला, दोन खोल्या तोडून दिल्या.

पण सगळं बंद दाराआड झालं, म्हणून पळसदेवात कुणालाच काही कळलं नाही. गावाला एवढंच दिसलं की रोगी सून पोलिसांना घेऊन घरात घुसली. सोनम उंबरा ओलांडत होती, तेव्हा कुशाबाईंनी तिच्या पावलांमागं फिनेल ओतलं.

करिमाचा रिपोर्ट इस्माईलना कोर्टाच्या हुकमानं मिळाला. एका ओळीचा, शिक्क्यासह. त्यांनी तो लॅमिनेट करून दुकानात बांगड्यांच्या खोक्यांमध्ये लावला. एखादी बाई हात पुढे करून विचारते, हे काय? मग ते वाचून दाखवतात. ती बाई पुन्हा त्या दुकानात येत नाही. पुण्याच्या आयोगातली तारीख पुढच्या वर्षीची पडली आहे. हॉस्पिटलच्या वकिलानं लेखी जबाबात म्हटलं आहे की मृत्यू आणि यादी यांचा संबंध सिद्ध होत नाही. फिरोज अजून झेरॉक्सच्या दुकानातच आहे.

सोनमनं गोळ्या एक दिवसही चुकवल्या नाहीत. जुलैत मुलगी झाली. दीड महिन्यानं तिची तपासणी झाली, त्यात तिला काही निघालं नाही. पुढच्या तपासण्या बाकी होत्या, पण बारामतीच्या केंद्रातली नर्स म्हणाली, असंच औषध घेत राहा, होईल नीट.

त्याच केंद्रात रविराजची गोळीही फुकट मिळत होती. सोनमनं त्याला केंद्राचा पत्ता लिहून दोनदा दिला. पहिला त्यानं फाडला. दुसऱ्या वेळी म्हणाला, तिथं तालुक्यातली माणसं रांगेत असत्यात, मला बघितलं म्हंजी? त्यानंतर तिनं दिला नाही.

दिवाळीपर्यंत तो टेम्पोवर चढेनासा झाला. तोंडात पांढरे चट्टे आले, भाकरी गिळेना. कुशाबाईंनी देवऋषी केले, इंदापूरच्या दोन डॉक्टरांकडे नेलं. तो प्रत्येक ठिकाणी रक्त द्यायला नाही म्हणाला.

एके दिवशी दुपारी कुशाबाई सोनमच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. इतक्या महिन्यांत त्या उंबऱ्याच्या अलीकडे आल्या नव्हत्या. आता त्या खाली बसल्या.

"सोने, त्याला काय झालंय गं?"

सोनम मुलीला पाजत होती. तिनं पदर सारखा केला.

"त्यांस्नीच इचारा, आत्या."

"तो बोलत न्हाय. भिताडाकडं तोंड करून पडतुय. तुला ठाऊक हाय, मला दिसतंय. तुझ्यावानी झालंय का त्याला? तूच लावलंस ना? मी काय म्हणत न्हाय आता. मला बोलून काय मिळणार हाय? तू कुठल्या गोळ्या खातीस ते तरी सांग. त्यातल्या दोन दे. माझं ल्योक जातंय गं."

"एकाची गोळी दुसऱ्याला देत न्हाईत."

"मग त्यो दवाखाना कुठं हाय ते सांग. मी त्याला पाठुंगळी मारून न्हेते."

सोनमनं मुलीला खांद्यावर घेतलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मुलीनं ढेकर दिली. आतल्या खोलीतून रविराजचा खोकला ऐकू आला. तिनं तो थांबू दिला.

"मला सांगता यायचं न्हाय, आत्या," ती म्हणाली. "कुणाचा आजार कुणी सांगायचा न्हाय, असा कायदा हाय. तुमच्या लेकानंच कोर्टात तसं मागून घेतलंय."

तिनं दार पुढं केलं. कुशाबाईंची बोटं चौकटीवर होती. त्यांनी ती काढून घेईपर्यंत सोनम दार धरून उभी राहिली, मग तिनं आतून कडी लावली.